तेवढं एडिटिंगमध्ये काढू

माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली आणि ते लग्न मी अजून पाहिलेलं नाही. म्हणजे हजर होतो, पण नवरदेवाला त्या दिवशी अंतरपाट, भटजींचा अंगठा आणि बूट कोण पळवतंय याची काळजी, एवढंच दिसतं. बाकीचं सगळं, अगदी पंगतीत कोणी किती वेळा मठ्ठा मागितला इथपर्यंत, एका काड्यापेटीएवढ्या कॅसेटवर होतं आणि ती कॅसेट नाना खैरनारांच्या लोखंडी कपाटात होती. नाना म्हणाले होते, एडिटिंग झालं की देतो. एडिटिंगला कॉम्प्युटर लागतो. कॉम्प्युटर घ्यायचा होता. तो नेमका कधी घ्यायचा, हे बारा-तेरा वर्षं ठरत होतं. बायको म्हणते, आपला संसार टिकला तो त्यामुळेच. पुरावा कोणाच्या हाती लागला नाही.

आमची सोसायटी नाशिक रोडला. बारा घरं, त्यातली निम्मी प्रेसवाल्यांची. नाशिक रोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की कोणाच्या मनात इस्त्री येत नाही की वर्तमानपत्र. जिथे नोटा छापतात ती प्रेस. नाना तिथे छापलेले ताव तपासायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कोऱ्या करकरीत नोटांच्या तावांत खोट शोधली. रेघ सरकली, शाई फुटली, की ताव रद्द. एवढी वर्षं माणूस जे करतो ते त्याच्या डोळ्यांत उतरतं. हातात लग्नपत्रिका दिली की मुलगी कुठली, मुलगा काय करतो, हे नाना विचारत नसत. पत्रिका उजेडात तिरकी धरायचे आणि म्हणायचे, "गणपतीचा लाल रंग अर्धा केस सरकलाय." आमच्या हिने एकदा साबुदाणा वडे पाठवले. नानांनी चारही वडे ताटलीत ओळीने मांडून पाहिले, तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा रद्द." मग तोच पहिल्यांदा खाल्ला.

प्रेसची आणखी एक खूण त्यांच्या अंगावर राहिली होती. कामावरून सुटताना रोज झडती व्हायची, त्यामुळे कुठलंही दार ओलांडताना नाना दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब धरून क्षणभर थांबत. मॉलच्या दारात ठीक आहे. पण देवळात, दवाखान्यात, आमच्या घरीसुद्धा. पहिल्यांदा ते आमच्या उंबऱ्यात असे उभे राहिले तेव्हा माझ्या आईला वाटलं, या माणसाला काखेत गळू झालंय. तिने आत बोलावून हळद लावायला काढली होती.

मूळचे ते सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलत, पण मन हललं की अहिराणी वर यायची. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "घाई कसाले?" कशाला घाई, एवढाच अर्थ, पण नाना ते असं म्हणायचे की समोरच्याला आपण आयुष्यभर फुकट धावलो असं वाटावं. गॅस सिलेंडरवाला खालून ओरडत असताना, बस सुटत असताना, एकदा तर जिन्यात धूर आला तेव्हासुद्धा. धूर शेजारच्या करपलेल्या दुधाचा निघाला, म्हणून नानांचं म्हणणं खरं ठरलं.

अशा माणसाने कॅसेटची हँडीकॅम का घेतली हे कोणाला कधी कळलं नाही. सोसायटीत काहीही असो, गणपती, बारसं, साखरपुडा, नाना कॅमेरा घेऊन हजर. आणि नाना कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबलं की परत दाबत नसत. त्यामुळे आमच्या कार्यक्रमांत कार्यक्रम कमी आणि आजूबाजूचं जास्त. नाडी बांधणारा बँडवाला, खुर्चीवर झोपलेले काका, एकमेकींच्या साडीची किंमत काढणाऱ्या बायका, असं सगळं त्यात जायचं. कोणी ओशाळून हात आडवा धरला की नाना म्हणायचे, "राहू द्या, तेवढं एडिटिंगमध्ये काढू."

या एका वाक्यावर सोसायटी बिनधास्त झाली. आहेरावरून भांडा, हळदीत वेडंवाकडं नाचा, साल्याला सगळ्यांसमोर गाढव म्हणा, नाना काढणार आहेत. पुढे पुढे ते बोलण्यातच आलं. माझ्या हातून कपबशी फुटली तर बायको म्हणायची, तेवढं एडिटिंगमध्ये काढा.

नानांच्या शेजारी कायम एक माणूस असे, बापू गांगुर्डे. तळमजल्यावर राहायचा, प्रेसमध्येच होता, वणीकडचा. उंचापुरा, गरीब स्वभावाचा, आवाज एवढा हळू की भाजीवाली त्याला दोनदा विचारायची. नाना चित्रीकरण करायचे आणि बापू हॅलोजनचा दिवा धरायचा. दिवा तापायचा, वायर पायात यायची, कीटक तोंडावर बसायचे. बापू हलायचा नाही. मधूनच हळूच म्हणायचा, "नाना, वायर." एवढाच त्याचा संवाद. बारा घरांच्या सगळ्या आनंदात बापूचा उजेड आहे आणि बापू कुठेच नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कच्चं चित्रीकरण दाखवायचं नाही, हा नानांचा नियम होता. तपासल्याशिवाय ताव बाहेर जात नाही. नुसतं टीव्हीला जोडून दाखवा, असं लोकांनी किती विनवलं. नाना म्हणायचे, "आणि रद्द माल दिसला म्हणजे?" लॅपटॉपवर करा म्हटलं तर त्यांनी मला तासभर समजावलं होतं की या जुन्या कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला बसत नाही, डेस्कटॉपच घ्यावा लागतो, त्यात वेगळं कार्ड टाकून घ्यावं लागतं. तेही खरं होतं. नानांचं सगळं खरंच असायचं, अडचण तीच होती. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी कॉम्प्युटरचं टेबल तेवढं घेतलं, सागवानी रंगाचं, कीबोर्डचा सरकता कप्पा असलेलं. काकू त्यावर इस्त्री करायच्या. कप्प्यात लसूण असायचा.

दुकान मात्र ठरलं होतं. मेहेर सिग्नलच्या पुढे, जिना चढून, पगार नावाच्या माणसाचं. नाशकात दर महिन्याला न चुकता हातात पडणारा पगार हाच, असं नाना म्हणायचे, कारण दर महिन्याला ते त्याच्याकडे जायचे. मी शाळामास्तर, शनिवारी दुपारी मोकळा, म्हणून स्कूटरवर मी. दारात नाना हात पसरून थांबायचे, पगार "या नाना" म्हणायचा, चहा यायचा. नाना प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम सगळं विचारून घ्यायचे. व्हिडिओ म्हणजे मोठी फाइल, ती ओढायला यंत्र दमदार हवं, हे दोघांचं एकमत होतं. पगार कागदावर सगळं लिहून काढायचा. नाना कागद उजेडात तिरका धरायचे. आणि आता घेतात, असं वाटत असताना विचारायचे, "पुढच्या महिन्यात काय येणार आहे?"

पगार लबाड असता तर नानांचं आयुष्य मार्गी लागलं असतं. पण पगार सरळ माणूस. तो म्हणायचा, "नाना, खरं सांगू का, नवीन पिढीचा प्रोसेसर येतोय."

"मग हा?"

"हा उतरंल."

"मग घाई कसाले?" आणि नाना उठायचे. चहाचे पैसे पगारचे.

असं किती वेळा झालं त्याला गणती नाही. एकदा नवीन विंडोज येणार होतं, एकदा दसऱ्याची सूट दिवाळीत वाढणार होती, एकदा पितृपक्ष होता. ग्राफिक कार्डं एकाएकी तिप्पट महागली तो शनिवार मला लख्ख आठवतो. पगारने समजावून सांगितलं की जगभरची पोरं ही कार्डं लावून कॉम्प्युटरवर नाणी काढताहेत, त्यामुळे माल मिळत नाही.

"नाणी काढताहेत म्हणजे?"

"म्हणजे घरच्या घरी पैसा तयार करतात, नाना."

नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "घरच्या घरी? बेडरूममध्ये?"

"हो."

"झडती कोण घेतं?"

नाना येऊन स्कूटरवर मागे बसले. द्वारकेच्या सिग्नलला मला म्हणाले, "बत्तीस वर्षं मी डबा उघडून दाखवला रे. भाकरीच्या घड्या उलगडून दाखवल्या." नंतर टाळेबंदी आली, मग कार्डं स्वस्त झाली तेव्हा नवी पिढी यायची होती, आणि गेल्या वर्षी रॅम महागली. ती कोणी खाल्ली म्हटलं तर पगार म्हणाला, एआयने. नानांनी मान डोलावली. आपण घ्यायला निघालो की कोणीतरी आडवा येतोच, याची त्यांना सवय झाली होती.

हे सगळं मी हसत सांगतोय, तेव्हाही हसतच होतो. पण कॉम्प्युटर न घेण्याचं खरं कारण प्रोसेसर नव्हतं. ते बापूच्या मुलीच्या लग्नात होतं.

बारा वर्षांपूर्वी ज्योतीचं लग्न झालं. मुलाकडचे वापीला नोकरीला होते, पेठमार्गे दोन बस भरून आले. त्या दिवशी बापू मुलीचा बाप होता, म्हणून दिवा मी धरला होता. लग्नासाठी बापूने नवी कवळी करून घेतली होती. ती अजून बसली नव्हती, त्यामुळे दिवसभर तो तोंड मिटून हसत होता. जेवणं चालू असताना जिलेबी संपली. नवरदेवाचा मामा पंगतीतून उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुलगी द्यायची ऐपत आहे, जिलेबी द्यायची नाही." कोणीतरी हसलं. ज्योती स्टेजवर मान खाली घालून बसली होती.

आणि बापू, ज्याला भाजीवाली दोनदा विचारायची तो बापू, आहेर पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेऊन खुर्चीवर चढला. "शंभर मानूस सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "दोनशे दहा आलं. मी काय बोललो? नाय. मला लय आनंद झाला. पन जिलेबीसाठी माझ्या पोरीला पहिल्याच दिवशी कोनी ऐकवनार आसंल, तर..." त्या 'तर'ला कवळी सुटली. हवेत गेली आणि खाली मठ्ठ्याच्या पातेल्यात पडली. दोनशे दहा माणसं गप्प झाली. बापू खुर्चीवरून उतरला, पातेल्यात कोपरापर्यंत हात घातला, कवळी काढली, उपरण्याला पुसली, तोंडात बसवली, परत खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "तर तिला घरी यायचा रस्ता ठाऊक हाय."

मग मात्र मांडव हसायला लागला आणि थांबेना. बापू आचाऱ्याच्या तंबूत जाऊन बसला. नाना कॅमेरा बंद करून त्याच्यामागे गेले, मी दिवा हातात तसाच धरून नानांमागे. बापू रडत होता. "नाना," तो म्हणाला, "तेवढं काढ. तुला माझ्या आईची शपथ हाय. जगात कोनी बघता कामा नये." नानांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "काढतो." त्या दिवशी ते वाक्य मी पहिल्यांदाच असं ऐकलं की त्यात गंमत नव्हती.

पुढे आठ वर्षं, जिन्यात, दुधाच्या रांगेत, बापू अधूनमधून हळूच विचारायचा, "काढलं का?" नाना म्हणायचे, "कॉम्प्युटर आला की पहिलं तेच." चार वर्षांपूर्वी बापू गेला. सकाळी अंघोळीला पाणी काढलं आणि तिथेच बसला.

वर्षश्राद्धाला ज्योतीला वडिलांचा एक बोलता-चालता तुकडा हवा होता. आम्ही सगळ्यांनी मोबाइल उपसले. बापू नाही. नाना एकशे चाळीस कॅसेटींपुढे बसले. त्यांनी कॅसेटींना नावं घातली नव्हती, नोटांना असतात तसे क्रमांक घातले होते, आणि कुठल्या क्रमांकावर काय आहे हे फक्त त्यांना ठाऊक. ते एकेक क्रमांक आठवत गेले आणि म्हणाले, "त्याच्या हाती दिवा होता. सगळीकडे त्याच्या हाती दिवा होता." सबंध बापू एकाच कॅसेटवर होता, ज्यातला तो प्रसंग कोणाला दिसू देणार नाही असा त्यांनी शब्द दिला होता. तिथून पुढे नानांच्या पगारकडच्या फेऱ्या वाढल्या आणि विकत घ्यायचं नाव मात्र निघेना. कॉम्प्युटर आला असता तर काढायचं की ठेवायचं हे ठरवावं लागलं असतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात यायला तीन वर्षं लागली. मी भूगोल शिकवतो, पण जवळचं मला दिसत नाही.

यंदा अधिक महिना आला. ज्योती आणि जावई धोंड्याच्या जेवणाला येणार होते आणि जाताना बापूच्या बायकोला, सुमनवहिनींना, कायमचं वापीला नेणार होते. खोली भाड्याने द्यायची ठरली होती. नानांचाही मुलगा सटाण्याला घर बांधून, आता तिकडेच राहायला चला म्हणून त्यांच्या मागे लागला होता. एका सकाळी मी नानांकडे बसलो होतो, तेव्हा सुमनवहिनी वर आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"नाना, ती कॅसेट दाखवा."

"कच्ची आहे, वहिनी. कॉम्प्युटर घ्यायचाय."

"मग घ्या."

"रॅम फार महाग झाली आहे."

"राम का शाम ते मला कळत नाय. म्हैना सरला का मी जानार."

"अधिक महिन्यात नवीन वस्तू घेत नाहीत," नाना म्हणाले. हे त्यांनी पगारला कधी सांगितलं नसतं, पण बुडत्याला काडीचा आधार.

"मग जुनी घ्या." काकू आतून हसल्या. सुमनवहिनी हसल्या नाहीत. "मला त्यांचा चेहरा आठवतो, नाना. पन बोलताना तोंड कसं हलायचं ते डोळ्यापुढं येईना झालंय. फोटोत नुसते बसलेत, आधार कार्डाला बसल्यावानी."

नाना खाली बघत राहिले.

"कवळीसाठी अडलंय ना तुमचं?"

नानांनी एकदम वर पाहिलं.

"दोनशे दहा मानसांनी बघितली ती कवळी. वाढप्यांनी बघितली, घोडंवाल्यानं बघितली. मी आत रुखवत खोक्यात भरत व्हते. हसायचा आवाज आला म्हून बाहीर आले, तवर सरलं व्हतं. साऱ्या जगानं बघितलं आन एकटी मीच राहिले."

"वहिनी, मी त्याले शब्द दिधा शे," नाना म्हणाले.

"त्यांना दिला. मला काय दिलं?" त्या म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज तीन मजले ऐकू येत होता. मला नानांची दया आली आणि सुमनवहिनींची जास्त आली.

दुसऱ्या दिवशी, बुधवार असूनसुद्धा, नाना सकाळी साडेदहाला माझ्या दारात. शाळेला उन्हाळी सुट्टी होतीच. भर उन्हात आम्ही मेहेरला गेलो. पगार म्हणाला, "या नाना." चहा यायच्या आत नाना म्हणाले, "घेऊन टाकतो. आत्ता. कार्ड टाकून दे." पगारने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला राहवेना, म्हणाला, "नाना, खरं सांगू का, दोन महिने थांबा, रॅम थोडी उतरायची शक्यता..." नाना म्हणाले, "पगार, तुझ्या पायी माझी बारा वर्षं गेली. आज गप्प बस." पगार गप्प बसला. आयुष्यातली सगळ्यात चुकीची वेळ साधून, सगळ्यात महाग रॅम घालून, धोंड्याच्या महिन्यात नाना खैरनारांनी कॉम्प्युटर घेतला. घरी आल्यावर कळलं की मॉनिटर टेबलापेक्षा रुंद आहे. काकूंनी कप्प्यातला लसूण काढून घेतला आणि हळदकुंकू लावलं, महिना कुठलाही असला तरी.

कॅसेटला बुरशी लागली होती. चित्रात मध्येच चौकोन फुटायचे, रेघा यायच्या. अर्धा केस सरकलेला लाल रंग न खपणारा माणूस आठ दिवस त्या फुटक्या चित्रापुढे बसून होता. मी दुपारी डोकावायचो. एकदाही त्यांच्या तोंडून 'रद्द' ऐकलं नाही. एकदा ते दुसरीच कॅसेट लावून बसले होते. कोणाचं तरी बारसं. पडद्यावर पाळणा, आणि नाना डोळे मिटून ऐकत होते. "थांब," मला म्हणाले, "आता येईल." पाळण्याच्या गाण्यातून हळू आवाज आला, "नाना, वायर."

ज्योती आणि जावई आले त्या रविवारी धोंडे, पुरणपोळी, अनारसे असं सगळं होऊन दुपारी आम्ही नानांकडे जमलो. पडदे लावले. जावई एवढा जेवला होता की त्याला खुर्चीत नीट बसता येईना. फिल्म वीस मिनिटांची होती. सुरुवातीला वेगवेगळ्या कार्यक्रमांत भिंतीवर पडलेली एक उंच सावली, दिवा धरलेला एक हात, आणि हळू आवाज: नाना, वायर, नाना, वायर. हसावं की काय करावं कळेना. मग लग्न. तोंड मिटून हसणारा बापू. मग पंगत, आणि पंगतीत नवरदेवाचा मामा, रुमालात एकावर एक जिलेब्या बांधताना. नानांनी तेवढं काही काढलं नव्हतं. जावई पुढे झुकून म्हणाला, "पाच आहेत." थोड्या वेळाने म्हणाला, "सहा."

मग बापू खुर्चीवर चढला. चौकोन फुटत होते, पण त्यातूनही दिसत होता. "माझ्या पोरीला पहिल्याच दिवशी कोनी ऐकवनार आसंल, तर..." चित्राने एक बारीकशी उडी घेतली. "तर तिला घरी यायचा रस्ता ठाऊक हाय." फिल्म संपली. ज्योती हुंदके देत होती. जावयाने तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

सुमनवहिनी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्यांनी पदर काढला आणि म्हणाल्या, "कवळी कुठंय?"

"काढली," नाना म्हणाले. "शब्द होता."

नानांनी उठून पडदा थोडा सरकवला आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. ज्योतीलासुद्धा. सुमनवहिनी उठायला लागल्या तर म्हणाले, "तुम्ही बसा." मी सगळ्यांत शेवटी निघालो आणि दार पूर्ण लावलं नाही. हे मी कबूल करतो. पंधरा दिवसांनी नाना सटाण्याला निघून गेले तेव्हा शाळा सुरू झाली होती आणि मी तिथे होतो, त्यामुळे दाराच्या फटीतून पाहिले तेवढेच माझे शेवटचे नाना.

ते म्हणत होते, "जगात कोणी बघता कामा नये, असं म्हणाला तो. मी लई विचार केला, वहिनी. तुम्ही जगात मोडत नाही. तुम्ही त्याच्या घरात मोडता." त्यांनी माउस हलवून वेगळी ठेवलेली एक फाइल उघडली. मग उठले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि मान न वळवता मागे हात नेऊन बटण दाबलं.

पाच-सहा सेकंदांचं होतं. मठ्ठ्यात पडल्याचा आवाज आला. सुमनवहिनींच्या तोंडून काहीतरी बाहेर पडलं, ते रडणं आहे असं मला वाटलं, पण त्या हसत होत्या. हसता हसता पोट धरून पुढे वाकल्या होत्या. "अगं बाई," म्हणाल्या, "कोपरापातूर हात घातला की हो यांनी." कापताना नानांनी ते किती वेळा पाहिलं असेल देव जाणे, पण आता ते खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"पुन्यांदा लावा," सुमनवहिनी म्हणाल्या.

नानांनी पाठमोऱ्यानेच हात मागे नेला आणि चाचपत बटण शोधू लागले.